देवदर्शनाला साठ, भाकरीला पासष्ट : ज्येष्ठत्वाच्या वयाबाबत महाराष्ट्र शासनास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या योजनांमधील वयाच्या व उत्पन्नाच्या अटींचा फेरविचार करण्याबाबत.

महोदय,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून आसपासच्या गावांतील वयस्कर माणसांचे सरकारी योजनांचे अर्ज भरून देतो. हे काम मला कोणी सोपवलेले नाही आणि त्याचा मोबदलाही नाही. सवड असलेला आणि लिहिता-वाचता येणारा माणूस गावात दिसला की कागद त्याच्याकडे येऊ लागतात, तसे ते माझ्याकडे येत गेले. मला स्वतःला निवृत्तिवेतन मिळते, त्यामुळे या पत्रात मी माझ्यासाठी काही मागत नाही. मात्र मला वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न आपल्यापर्यंत पोहोचवणे भाग आहे, कारण त्याचे उत्तर माझ्याकडे नाही आणि असलेच तर ते आपल्या विभागाकडे आहे. गरीब वृद्धांना दरमहा मिळणाऱ्या श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनाला आमच्याकडे ‘पगार’ म्हणतात. "गुरुजी, मला पगार कधी सुरू होणार?" असा तो प्रश्न असतो.

मला उत्तर देता येत नाही, कारण शासनाच्या लेखी माणूस ज्येष्ठ केव्हा होतो हे तो कोणत्या खिडकीसमोर उभा आहे यावर ठरते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी आणि कल्याणासाठी केंद्राने २००७ मध्ये केलेल्या कायद्यात साठ वर्षे पूर्ण केलेला नागरिक ज्येष्ठ आहे. राज्याच्या ज्येष्ठ नागरिक धोरणात हे वय पूर्वी ६५ होते, ते २०१८ मध्ये ६० करण्यात आले. राज्य शासन आपल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना ५८ व्या वर्षी आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना ६० व्या वर्षी घरी पाठवते. एसटीत पुरुषाच्या अर्ध्या तिकिटासाठी मात्र ६५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवासासाठी ७५. केंद्राच्या मोफत उपचारांच्या आयुष्मान वय वंदना कार्डासाठी ७० ही अट आहे. प्राप्तिकर खात्याने ज्येष्ठांसाठी ६० आणि अतिज्येष्ठांसाठी ८० अशा दोन पायऱ्या केल्या आहेत. रेल्वे पूर्वी पुरुषाला ६० व्या आणि स्त्रीला ५८ व्या वर्षी सवलत देत असे. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली आणि पुन्हा सुरू झालेली नाही, त्यामुळे तो वाद तूर्त मिटलेला आहे.

सर्व योजनांना एकच वय असावे, अशी माझी मागणी नाही. प्रत्येक सवलतीचा हेतू वेगळा असतो आणि हेतूप्रमाणे वय बदलणे रास्त आहे. उत्पन्न न पाहता पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचा भार उचलायचा असेल, तर शासन तो सत्तरीपासून उचलेल, हे समजू शकते. पंचाहत्तरीच्या माणसाला एसटीत मोफत बसू देणे हा तर मला चांगला निर्णय वाटतो, कारण ज्याच्या दारात मोटार आहे तो लाल गाडीच्या फलाटावर येतच नाही आणि त्यामुळे उत्पन्नाचा दाखला न मागताही सवलत बहुतांशी योग्य माणसाला मिळते. वयाच्या रेषा तिजोरीकडे पाहून आखल्या जातात, हेही नवीन नाही. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८९ मध्ये, वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला तेव्हा वयाची अट ७० होती आणि ती ६५ वर यायला १९१६ साल उजाडावे लागले. आपल्याकडे १९९५ मध्ये केंद्राने निराधार वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले ते ६५ वयासाठी. २०११ मध्ये ते वय ६० झाले. म्हणजे रेषा हलू शकते आणि हलवली गेली आहे. ती जिथे आखली आहे तिथेच का आखली, याचे कारण नागरिकाला कळावे, एवढीच अपेक्षा आहे.

आपल्याच राज्याच्या तीन योजना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, अशी विनंती आहे. मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेत ६० वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असलेल्या ज्येष्ठाला यात्रेसाठी तीस हजार रुपयांपर्यंतचा खर्च शासन देते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमरेचा पट्टा यांसारख्या वस्तूंसाठी एकदाच तीन हजार रुपये मिळतात. तिथे वयाची अट ६५ आणि उत्पन्नाची मर्यादा दोन लाख आहे. आणि ज्या पैशातून म्हाताऱ्या माणसाचे पीठ-मीठ येते त्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत वय ६५ आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजार रुपयांच्या आत हवे. देवदर्शनाला अडीच लाख, चष्म्याला दोन लाख आणि भाकरीला एकवीस हजार, असा हा उतरता क्रम आहे. गरज जितकी मूलभूत तितकी अट कडक, असे धोरण कोणी ठरवून केले असेल यावर माझा विश्वास नाही. या योजना वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या सरकारांनी आणि वेगवेगळ्या टेबलांवर तयार केल्या आणि त्यांचे आकडे कोणीही एका कागदावर आणून पाहिले नाहीत, एवढेच झाले असावे. तीर्थदर्शनाला माझा विरोध नाही, कारण जन्मात जिल्ह्याबाहेर न गेलेल्या माणसाला काशी पाहायला मिळते यात वावगे काय आहे? पण एका यात्रेवर खर्चाची जी कमाल मर्यादा आहे, तेवढ्या रकमेत श्रावणबाळचे वीस महिन्यांचे हप्ते होतात, हे लक्षात घेतले जावे.

एकवीस हजारांच्या या आकड्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. ही रक्कम एका माणसाच्या महिन्याच्या कमाईची नसून संपूर्ण कुटुंबाच्या वर्षाच्या कमाईची आहे. तिला ३६५ ने भागले तर दिवसाला साडेसत्तावन्न रुपये येतात, तेही घरात दोन माणसे असोत की सहा. रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये मजुरी ठरली होती. त्या दराने घरातल्या एकाच माणसाने वर्षभरात ६८ दिवस काम केले तर मिळकत २१,२१६ रुपये होते आणि ते कुटुंब श्रावणबाळच्या मर्यादेबाहेर जाते. रोजगार हमी कायद्याने कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली. म्हणजे शासनाने दिलेली हमी कुटुंबाने पूर्ण वापरली, तर त्या घरातला म्हातारा शासनाच्याच दुसऱ्या योजनेतून बाद होतो. निवृत्तिवेतनाची रक्कम जुलै २०२३ मध्ये एक हजारावरून दीड हजार झाली, हे चांगले झाले आणि त्याबद्दल शासनाला श्रेय दिलेच पाहिजे. परंतु उत्पन्नाची मर्यादा जिथल्या तिथे राहिली, त्यामुळे वाढलेली रक्कम कागदोपत्री कोणालाच मिळायला नको, अशी अवस्था आहे.

तरीही लाखो लोकांना ती मिळते, कारण उत्पन्नाचा दाखला एकवीस हजारांच्या आत ‘बसवला’ जातो. हे अर्जदाराला माहीत आहे, दाखला देणाऱ्याला माहीत आहे आणि, माझा अंदाज चुकत नसेल तर, मंत्रालयातही माहीत आहे. यात मी कोणा एका कार्यालयाला दोष देत नाही, कारण खरा आकडा लिहायचा ठरवला तर तालुक्यातली यादी निम्म्याहून खाली येईल आणि ज्यांना खरोखर आधाराची गरज आहे त्यांची चूल विझेल, हे तिथे बसलेल्या माणसालाही कळते. प्रश्न पुढचा आहे. ज्या अटीचे पालन खोट्या आकड्याशिवाय होऊच शकत नाही, ती अट पात्र-अपात्र ठरवण्याचे काम सोडून देते आणि कोणाला अडवायचे व कोणाला सोडायचे हे ठरवण्याचे साधन होते. ज्याच्या ओळखीचा कोणी आहे त्याचा दाखला वीस हजारांचा निघतो. ज्याचे कोणी नाही त्याला, "तुमचा मुलगा शहरात कामाला आहे ना, मग एवढ्यात कसं बसवायचं?" असे विचारले जाते आणि त्याच्याकडे प्रामाणिक उत्तर नसते, कारण प्रामाणिक उत्तर दिले तर अर्जच संपतो. आयुष्यभर कोणाचा एक रुपया न बुडवलेल्या माणसाला म्हातारपणी स्वतःच्या सहीखाली खोटे उत्पन्न लिहून द्यावे लागते, ही गोष्ट मला शिक्षक म्हणून विशेष सलते.

आता मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेकडे पाहू. ती आपल्या विभागाची नाही हे मला ठाऊक आहे, परंतु गावातल्या बाईच्या दृष्टीने शासन एकच असते. या योजनेत २१ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रीला महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे आणि पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. वयाची ६५ वर्षे पूर्ण झाली की तिचे नाव या यादीतून जाते. त्याच वयापासून तिच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे आणि रक्कमही तीच, दीड हजार. वरवर पाहता एका योजनेने हात सोडला आणि दुसरीने धरला, असे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या योजनेत ती ज्या केशरी कार्डावर गरीब ठरली होती, ते कार्ड दुसरीत पुरेसे नाही. आणि पहिल्या योजनेतली अडीच लाखांची मर्यादा तिच्या पासष्टाव्या वाढदिवसानंतर एकवीस हजारांवर येते. घर तेच, मिळकत तीच, बाई तीच. वयाने मात्र ती मोठी झाली आहे, गुडघे दुखत आहेत, निंदणीला कोणी बोलावत नाही आणि नेमक्या त्याच वेळी शासन तिला सांगते की आता आपण तितक्या गरीब राहिल्या नाहीत. चाळीस वर्षांच्या स्त्रीला दीड हजार रुपयांची गरज आहे आणि सहासष्ट वर्षांच्या स्त्रीला ती सिद्ध करावी लागते, याचे समर्थन कोणत्याही टिप्पणीत करता येईल असे मला वाटत नाही.

स्त्रियांची अडचण पासष्टीनंतर सुरू होते, तर पुरुषांची साठ ते पासष्ट या पाच वर्षांत असते. या वयातल्या गरीब पुरुषासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे असे सांगितले जाते. ती अठरा ते पासष्ट वयासाठी आहे हे खरे, परंतु तिथे वय हे कारण नाही. निराधार असणे, दिव्यांगत्व, दुर्धर आजार असे काहीतरी सिद्ध करावे लागते आणि दिव्यांग वगळता इतरांसाठी उत्पन्नाची एकवीस हजारांची मर्यादा तिथेही सोबतीला असतेच. ज्याला मुले आहेत, जो अपंग नाही, ज्याला नाव असलेला आजार नाही आणि ज्याच्याने आता काम होत नाही, असा माणूस कोणत्याच रकान्यात बसत नाही. आमच्या भागातून ऊसतोडीला जोडपी जातात. हंगामाआधी मुकादम प्रत्येक कोयत्याला, म्हणजे जोडीला, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो. पंचावन्न-अठ्ठावन्नच्या आसपास एखाद्या वर्षी तो एखाद्याच्या दारावरून पुढे जातो, उचल देत नाही, कारण या जोडीकडून टनेज निघणार नाही हे त्याला दिसते. त्या दिवशी त्या माणसाचे म्हातारपण सुरू झाले, हे सगळ्या वस्तीला कळते. त्यासाठी मुकादमाला जन्माचा दाखला लागत नाही. त्यानंतर शासनाला तो म्हातारा वाटेपर्यंत सात ते दहा वर्षे जातात आणि ती वर्षे तो कसा काढतो हे मी अनेक घरांत पाहिले आहे : शेळ्या राखणे, दुसऱ्याच्या मळ्यावर रात्रीची राखण, मुलाच्या घरी बोलणी आणि दुकानातली उधारी.

बांधकाम मजुराचेही तेच. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते ती १८ ते ६० या वयात. साठी झाली की तो मंडळाच्या लेखी कामगार राहत नाही. मूळ कायद्यात साठीनंतरच्या निवृत्तिवेतनाची तरतूद आहे, पण तिचा उपयोग ज्याने नोंदणी वर्षानुवर्षे जिवंत ठेवली त्यालाच होणार. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराकडून दर वेळी नूतनीकरण होतेच असे नाही. शासनाचे एक मंडळ त्याला साठाव्या वर्षी म्हणते की तुझे कामाचे वय संपले आणि त्याच शासनाचा एक विभाग म्हणतो की तुझे म्हातारपण अजून सुरू व्हायचे आहे. मधल्या पाच वर्षांना नाव काय द्यावे?

याच संदर्भात २००७ च्या कायद्याकडे पुन्हा आपले लक्ष वेधतो. त्या कायद्याप्रमाणे साठ वर्षे पूर्ण झालेला माणूस, ज्याला स्वतःच्या मिळकतीतून गुजराण करता येत नाही, आपल्या मुलांविरुद्ध न्यायाधिकरणात अर्ज करू शकतो आणि न्यायाधिकरण त्याला दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मंजूर करू शकते. म्हणजे मुलाने बापाला साठाव्या वर्षापासून सांभाळले पाहिजे, असे कायदा म्हणतो आणि ते योग्यच आहे. परंतु मुलगाच जर दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीवर असेल आणि बापाने शासनाकडे पाहिले, तर शासन स्वतःसाठी आणखी पाच वर्षांची सवलत घेते. मुलाला एक नियम आणि शासनाला दुसरा, हे बापाला समजावून सांगणे फार अवघड जाते.

वयाची अट काहीही असो, वय सिद्ध कसे करायचे हा त्याहून चिवट प्रश्न आहे. शाळेत गेलेल्या माणसाची गोष्ट सोपी असते. पूर्वी जूनमध्ये शाळा उघडल्या की पोराला पहिलीत बसवताना जन्मतारीख सांगता आली नाही तर गुरुजी १ जून लिहीत आणि साल अंदाजाने टाकीत. माझ्या स्वतःच्या दाखल्यावरही १ जूनच आहे आणि त्यामुळे मी ३१ मे रोजी निवृत्त झालो, माझ्या पिढीतल्या ढीगभर शिक्षकांबरोबर. ती तारीख खरी नसली तरी कागदावर आहे आणि ती कोणी विचारत नाही. जो शाळेत गेलाच नाही त्याच्याकडे तीही नाही. त्याचे साल पहिल्यांदा लिहिले गेले ते मतदार यादीत किंवा आधार केंद्रावर. देशातली आधार नोंदणी २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावापासून सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत गावोगाव शिबिरे लागली. रांग मोठी, वीज जाऊन येऊन, यंत्रावर बसलेला मुलगा वीस-बावीस वर्षांचा. त्याने वय विचारले आणि समोरच्याने जे तोंडाला आले ते सांगितले.

माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांच्या आधार कार्डावर केवळ जन्मसाल आहे, १९६३. तारीख नाही. शिबिरात त्यांनी "पन्नास लिहा" असे सांगितले होते. मी त्यांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारले, कारण आमच्याकडे जुन्या माणसाचे वय काढायचे असेल तर बहात्तरचा दुष्काळ आणि त्याआधीचा, १९६७ चा, कोयनेचा भूकंप, एवढ्या दोन खुणा पुरतात. ते लगेच म्हणाले, "त्या साली मी पाझर तलावावर होतो की. खडी फोडायला. लग्न झालं होतं, मोठी पोरगी पाळण्यात होती." कार्डावरचे साल खरे धरले तर दुष्काळाच्या वर्षी ते नऊ वर्षांचे होते. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात मुकादमाने हातोडा दिला, त्याचे नाव हजेरीपटावर घातले आणि त्याच्या घरी पाळणा हलत होता, असे मानायचे की एका शिबिरात घाईने टाकलेले साल चुकले असे मानायचे, यात शहाण्या माणसाला फार विचार करावा लागू नये. प्रत्यक्षात ते सत्तरी ओलांडलेले आहेत. शासनाच्या लेखी बासष्ट-त्रेसष्टचे. त्यामुळे ते श्रावणबाळला बसत नाहीत, एसटीत पूर्ण तिकीट काढतात आणि सत्तरीचे आयुष्मान कार्ड त्यांना मिळत नाही. आधारवरचे साल दुरुस्त करायला कागद लागतो, कागद नाही म्हणून तर साल चुकले आणि दुरुस्तीची संधीही सर्वसाधारणपणे एकदाच मिळते. त्यांच्या पत्नीचे काय, असे आपण विचाराल, तर त्यांच्या कार्डावरचे साल नवऱ्याच्या सालाहून अलीकडचे आहे, कारण बायको नवऱ्यापेक्षा लहानच असणार असे यंत्रावरच्या मुलाने ठरवले. तिला निदान लाडकी बहीणचे पैसे मिळतात. आधारच्या चुकीचा फायदा झालेली तेवढी एकच व्यक्ती मला ठाऊक आहे.

विशेष म्हणजे श्रावणबाळ योजनेचे नियम याबाबत उदार आहेत. वयासाठी जन्मनोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड किंवा मतदार यादीतील वयाचा उतारा, अथवा ग्रामीण किंवा नागरी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला, यांपैकी काहीही चालावे असे त्यात म्हटले आहे. ज्याने हा नियम लिहिला त्याने गाव पाहिलेले होते. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असे स्पष्ट केले आहे. परंतु माझा अनुभव असा की अर्ज हातात घेणारा माणूस आधी आधारवरचे साल पाहतो आणि ते बसत नसेल तर बाकीचे कागद उलटून पाहत नाही, कारण पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जाणार आणि उद्या तपासणीत फरक निघाला तर जबाब त्यालाच द्यावा लागणार. त्याची भीती खोटी नाही. ती दूर करणे मात्र आपल्या हातात आहे.

आता पैशाच्या प्रश्नाकडे येतो, कारण वय पाच वर्षांनी खाली आणले तर तिजोरीवर किती भार पडेल, ही पहिली शंका वित्त विभाग घेईल आणि ती घेणे हे त्याचे कामच आहे. लोक आता जास्त जगतात, मग ज्येष्ठत्वाचे वय वाढवायला हवे, कमी कशाला करायचे, असाही युक्तिवाद केला जातो. तो माझ्यासारख्या पंख्याखाली बसून नोकरी केलेल्या माणसापुरता खरा आहे. साठीनंतर मी धडधाकट आहे आणि माझ्या वयाचा हमाल तसा नाही. म्हणून माझी सूचना अशी की, सरसकट सगळ्यांसाठी वय एकदम खाली आणणे शक्य नसेल तर ज्यांच्याकडे अंगमेहनतीच्या कामाचा शासनाचाच कागद आहे, म्हणजे रोजगार हमीचे जॉब कार्ड, बांधकाम मंडळाची नोंदणी किंवा ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र, त्यांच्यासाठी श्रावणबाळचे वय आधी साठ करावे. अशाने सवलत थेट त्या माणसाला मिळेल ज्याचे शरीर आधी झिजते, आणि नवी यादी करण्याचा खर्चही होणार नाही. सुखवस्तू ज्येष्ठांच्या सवलती वाढवण्याची घाई करू नये, असेही मी ज्येष्ठ नागरिक असूनच लिहितो. याबद्दल माझे समवयस्क माझ्यावर रागावतील, त्याला इलाज नाही.

उत्पन्नाच्या मर्यादेबाबत मात्र टप्प्याटप्प्याची भाषा मला मान्य नाही. एकवीस हजारांचा आकडा रद्द करून, लाडकी बहीण योजनेप्रमाणेच पिवळे व केशरी रेशनकार्ड हा पुरेसा पुरावा मानावा. जे कार्ड चाळीस वर्षांच्या स्त्रीला गरीब ठरवायला चालते ते सत्तर वर्षांच्या पुरुषालाही चालले पाहिजे. ते वित्त विभागाला परवडत नसेल तर परवडेल असा दुसरा आकडा ठरवावा, पण तो असा असावा की खरे बोलून त्यात बसता येईल आणि तो दरवर्षी रोजगार हमीच्या दराबरोबर आपोआप बदलत राहील.

ज्या स्त्रियांचे लाडकी बहीणचे पैसे पासष्टीमुळे थांबतात, त्यांची यादी महिला व बालविकास विभागाकडे जन्मसालासह तयार असते. ती आपल्या विभागाकडे आधीच्या तिमाहीत यावी आणि त्यांना नव्याने अर्ज, फोटो, हमीपत्र आणि तहसीलची फेरी न करायला लावता श्रावणबाळच्या यादीत घ्यावे. दोन विभागांमधला हा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला शासनाच्या संगणकाला जितका वेळ लागेल, त्याच्या कितीतरी पट वेळ एका म्हाताऱ्या बाईला तालुक्याच्या गावी जाऊन यायला लागतो.

वयाच्या पुराव्याबाबत एक परिपत्रक पुरेसे आहे. योजनेच्या नियमांत नमूद केलेल्या कागदांपैकी कोणताही एक दिला असेल तर आधारवरील साल वेगळे आहे या कारणास्तव अर्ज फेटाळू नये, आणि त्या निर्णयासाठी संबंधित कर्मचाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहावे. ग्रामीण रुग्णालयात वयाच्या दाखल्यांसाठी महिन्यातला एक दिवस ठरवून द्यावा आणि तो दिवस ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. आज हा दाखला मिळतो, पण डॉक्टर केव्हा भेटतील हे कोणालाच माहीत नसते.

शेवटी, ज्येष्ठांसाठीच्या सर्व राज्य योजनांचे वय, उत्पन्नाची मर्यादा आणि ती तशी ठरवण्याचे कारण, असे तीन रकाने असलेला एक तक्ता विभागाने प्रसिद्ध करावा. पहिले दोन रकाने मी स्वतः भरून ठेवले आहेत आणि मागितल्यास पाठवीन. तिसरा आपल्याकडूनच भरला जाऊ शकतो. ज्या आकड्यापुढे तो रकाना रिकामा राहील, त्या आकड्याचा फेरविचार येत्या अर्थसंकल्पाआधी व्हावा, अशी विनंती आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
गावोगाव अर्ज भरून देणारा एक निवृत्त शिक्षक